बांधाखालचं हिरवं गवत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर आष्टीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या आत्याचे. रोजगार हमीच्या पाझर तलावांवर माती वाहून तिनं मला बीएस्सीपर्यंत शिकवलं. आमच्या घरात तोवर दहावीसुद्धा कुणी झालं नव्हतं. बांध कसा घालतात, कसा राखतात, हे ती मला पुष्कळदा सांगायची. मी पुस्तकातून मान वर न करता हूं हूं म्हणायचो.

जालन्यातल्या पोलादाच्या भट्ट्यांमधून निघणारी स्लॅग, म्हणजे धातूची मळी, आमच्या मिलमध्ये येते. तिचा भुगा करून तो पाण्यानं धुतात आणि त्यातलं लोखंड वेगळं काढतात. उरलेला राखाडी गाळ पाण्यासकट मागच्या तळ्यात जातो. गाळ खाली बसला की वरचं निवळलेलं पाणी पंपानं परत मिलमध्ये आणायचं. या तळ्याची देखरेख माझ्याकडं होती. त्याच्या मातीच्या बांधाखाली नाला आहे, आणि नाल्याकाठी एका वस्तीची पिण्याची विहीर.

तळ्यातलं पाणी कमी ठेवायचं, बांधाला टेकू द्यायचं नाही, असा नियम होता. माझ्या आधीचा सुपरवायझर तो पाळायचा. पण मी टँकरमागं घागर घेऊन पळत वाढलेला माणूस. हाताशी आलेलं पाणी कमी करणं मला जमेना. पावसाळ्यात साचलेलं सगळं मी उन्हाळ्यासाठी राखून ठेवलं. पाणी बांधाला भिडलं, तरी मला श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी कोवळं गवत दिसलं. मी खुशीत मोबाईल काढला.

"फोटो कशाचा काढून राह्यले, साहेब?" आमचे मुकादम चाचा मागून आले.

"गवत बघा, चाचा. या उन्हात किती हिरवं!"

"तेच म्हणतो. त्याला पाणी कोण पाजून राह्यलंय?"

त्यांनी काठीनं गवत बाजूला केलं. खालची माती ओली होती, आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं.

मी जेसीबी बोलावला आणि त्या जागी काळी माती टाकून दाबायला सांगितलं.

"जरा थांबा, कुणाला तरी इचारा."

"मी काय शिकलेला नाही का?"

"शिकलेले हायेत, बिलकुल. पण बांध शिकला न्हाई ना तुम्ही."

दुपारपर्यंत पाणी चार पावलांवर नव्या जागी फुटलं. मी चहाच्या ग्लासात धरून उजेडात पाहिलं. गढूळ होतं. म्हणजे बांध आतून पोखरला जात होता. मी आत्याला फोन लावला.

"पाणी कसं हाय? निवळ का गढूळ?" तिनं आधी हेच विचारलं.

"गढूळ."

"पाझर बुजवला व्हता का?"

"हो."

"आरं बाबा! बुजवला की त्यो दुसरी वाट काढतो. आता तिथं उकरू नको. नव्या जागी वाळू टाक, वर बारीक खडी, मंग दगड. पाणी येऊ दे, माती अडव. अन् आधी तळ्यातलं पाणी उतरव, जल्दी." मग ती म्हणाली, "पण बांधाला एवढं पाणी टेकवलं कुनी?"

"आधीच्या माणसानं," मी म्हणालो.

"येडंच दिसतंय."

मॅनेजरसाहेब मिल बंद करायला तयार नव्हते. "पाणी नाल्यात सोडा ना!"

"नाल्यातून ते विहिरीत जाईल, साहेब. शेजारच्या मिलला टँकरनं देऊ. पण आधी गाळ येणं थांबलं पाहिजे."

त्यांनी विहिरीच्या दिशेला एकदा पाहिलं आणि मेन स्विच पाडायला सांगितला. चाचा वाळू पसरायला लागले. मी वस्तीवर धावलो. विहिरीवर एक बाई दोर सोडत होती.

"पाणी खराब झालं का?" तिनं विचारलं.

"अजून नाही, मावशी. पण आज काढू नका."

तिनं रिकामी कळशी उचलली. ती तशीच घराकडं वळली.

टँकर भरत होते आणि मी ग्लासामागून ग्लास भरून ओळीनं दगडावर मांडत होतो. सातवा गढूळ. आठवा गढूळ. ऊन कललं, तेव्हा एका ग्लासातून पलीकडचे चाचा स्वच्छ दिसले. बांध टिकला होता.

मॅनेजरसाहेबांनी पाठ थोपटली. "शिकलेल्या माणसाचा हा फायदा!" चाचा माझ्याकडं बघत राहिले. मला मान वर करता आली नाही.

चार दिवसांनी आत्याला हे पत्र टाकलं:

"ती. आत्यास नमस्कार. शेजारची सून तुला हे वाचून दाखवेल. तिलाही कळलं तरी माझी हरकत नाही. बांधाला पाणी आधीच्या माणसानं टेकवलं नव्हतं. तो नीट वागत होता. तू ज्याला येडं म्हणालीस, तो मीच. तुझ्याशी खोटं बोललो. आज सकाळी मॅनेजरसाहेबांना खरं काय ते लिहून दिलं. नोकरी राहील की नाही, अजून कळलं नाही. वस्तीवरच्या बाईलाही सांगितलं. ती म्हणाली, पुन्हा असं करू नको, आणि दोर विहिरीत सोडला. पाणी आता बांधापासून लांब आहे. मी रोज जाऊन गवत बघतो. पिवळं पडायला लागलंय."