सतरावा संदर्भ

शेजारच्या समरीन आपाच्या पीएच.डी.च्या संशोधन आराखड्यात मी एकच ओळ लाल पेनानं खोडली. संदर्भांच्या यादीतली सतरावी. ‘शेख खतीजाबी फकीर, हळद निवडण्याचा अनुभव तीस वर्षे, वसमत.’

"आपा, ही तर तुझी अम्मी."

"मग?"

"संदर्भात पुस्तकं असतात. शोधनिबंध असतात."

"हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं न्हाई, ज्योती. अम्मीकडून मिळालं. ज्याचं त्याचं नाव नको घ्यायला?"

तिला ते चूक वाटतच नव्हतं. हळदीच्या बाजारात ती लहानाची मोठी झाली. तिथं ढीग कोणी पारखला त्याचं नाव घेतात आणि मग बोली लागते. खतीजाबीनं हळकुंड कानाजवळ मोडून ‘सुकी’ म्हटलं की व्यापारी पुढं विचारत नसे.

मी मराठीत एम.ए. केलंय, म्हणून शुद्धलेखन तपासायला तिनं आराखडा माझ्याकडं दिला होता. मला वाटलं, ती माझं ऐकेल.

आपा पस्तीस वर्षांची. हळद कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन बारा वर्षं झाली. मागच्या वर्षी अर्धवेळ पीएच.डी.च्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, नोकरी करून वेळ कुठून आणणार? ती गप्प राहिली आणि परत आली. प्रवेश परीक्षेचा तिचा निकाल यंदापुरताच चालणार होता. यंदा नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

कारखान्याचे व्यवस्थापक शेषराव यांनी ना हरकत प्रमाणपत्रावर सही केली. म्हणाले, "डॉक्टर झाल्यावर आमच्या पोत्यात हात घालायला लाजू नको, बाई."

मुलाखतीला मी सोबत गेले. उकाड्यामुळं खोलीचं दार उघडं होतं. मी बाहेर बाकावर बसले.

"या खतीजाबी कोण? कुठल्या विद्यापीठात असतात?"

आत कोणीतरी हसलं. मी खाली बघितलं. तिनं ती ओळ ठेवली होती.

"माझी आई आहे, सर. बाजारात हळद निवडते. हळकुंड मोडताना जो आवाज येतो, त्यावरून ओल सांगते. मला तो आवाज मोजायचाय. माझा विषय तिच्यापासून सुरू होतो."

"तुम्हाला सांगता येतं?" हा एका बाईंचा आवाज.

"थोडं."

पर्समधून तिनं कापडी पिशवी काढली. त्यात पाच हळकुंडं होती. एकेक कानाजवळ धरून मोडलं. पहिलं खणकन वाजलं, दुसरं बद्द. पाचांच्याही ओलीचे टक्के तिनं सांगितले. बाईंनी ते लिहून घेतले आणि तुकडे विभागाच्या प्रयोगशाळेत पाठवले.

पाऊण तास आम्ही बाकावर बसून होतो. तिच्या बोटांना हळद लागली होती.

मग तिला पुन्हा आत बोलावलं.

"चार बरोबर आहेत. टक्क्याचाही फरक नाही," बाई म्हणाल्या. "पाचव्याला तुम्ही आठ म्हणालात. यंत्र तेरा म्हणतंय."

"म्हणजे चुकलं की," पहिले सर म्हणाले.

"व्हय, सर. चुकलं."

मी डोळे मिटले.

"उकडताना जास्त शिजलं तर असं होतं. बाहेरून कडक, आत ओलं. आवाज फसवतो. अम्मीसुद्धा कधीकधी फसते. किती वेळा फसते, काहून फसते, हे कोणी मोजलं न्हाई. मला तेच शोधायचंय."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

"पण नोकरी करून हे जमणार कसं?" सरांनी विचारलं.

"नोकरीमुळंच जमेल, सर. हंगामात रोज शंभर शेतांची हळद माझ्या हाताखालून जाते. नोकरी सोडली तर कुठून आणू?"

वर्षभर तिनं हे उत्तर जवळ ठेवलं होतं. मला कधी सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी यादी लागली. अर्धवेळच्या रकान्यात तिचं नाव होतं. मार्गदर्शक त्याच बाई. त्यांनी आराखड्यात एकच दुरुस्ती सुचवली होती. ‘संदर्भ सतरा राहू द्या. पुढं प्रत्यक्ष संवाद असं लिहा आणि साल घाला.’

मी साल विचारायला आपाच्या घरी गेले.

"खाला, आपाला तो आवाज पहिल्यांदा कधी ऐकवला?"

खतीजाबी आठवत राहिल्या. "चौथी में थी. स्कूल नै जाती बोलके बाजार में रोती बैठी. चुप कराने वास्ते कान के पास हळकुंड तोडी."

मी वर्षं मोजली. लिहिलं, १९९९. लाल पेनानं खोडलेली ओळ मीच पुन्हा लिहून काढली.

आपाही घरीच होती. मुलाखतीची सगळी गोष्ट ती आज पहिल्यांदाच अम्मीला सांगत होती. पाचव्या हळकुंडाशी आली तेव्हा खतीजाबींनी तिला थांबवलं.

"एकच बार तोडी? वैसे हळकुंड का आधा टुकडा फिरसे तोडना. दूसरा आवाज झूठ नै बोलता. इतना पढी, इतना भी नै मालूम?"

आपानं वही ओढली. पहिल्या पानावर तारीख घातली.

"अम्मी, फिरसे बोल. सावकाश."