तळघरातल्या नवलबाई

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याच्या पलीकडे, वाट चुकल्याशिवाय कोणी जात नसे अशा कोपऱ्यात त्यांची खोली होती. मशीनं तापू नयेत म्हणून तिथे बारा महिने गारठा. भर उन्हाळ्यातही त्या स्वेटर घालून बसत. खरं नाव कार्डावर होतं, पण हाक मारताना सगळे ‘नवलबाई’ म्हणत, आणि त्याही ओ देत.

नावाला कारण होतं. त्यांना कशाचंही नवल वाटे. लिफ्टमधून उतरताना म्हणत, “एवढी माणसं एका दोराच्या भरवशावर वर-खाली करतात, आणि कोणी वरती बघतसुद्धा नाही!” घरी सासूबाई म्हणायच्या, “आमच्या सूनबाईला दुधावर साय धरली तरी आश्चर्य वाटतं. भांडी घासायला उशीर होतो तो त्यामुळे.”

तरुणपणी त्यांनी भौतिकशास्त्र शिकायला घेतलं होतं. पुढे वडील अंथरुणाला खिळले, शिक्षण अर्ध्यावर राहिलं आणि नोकरी धरावी लागली. त्याचं दुःख त्यांनी उगाळलं नाही. “हुकलं ते हुकलं,” म्हणत, “पण तोंडात बोट घालायला पदवी थोडीच लागते?”

रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणं हे त्यांचं काम. सोबतीला एक नेटवर्कवाला होता. एवढा उंच की खोलीत शिरताना पाइपला डोकं आपटू नये म्हणून वाकून यायचा. त्याला सगळे लंबू म्हणत. हुशार, कामसू आणि जरा उतावळा. दोघांचं छान जमे.

त्या दिवशी सकाळी वीजवाल्यांनी तळघरातलं जुनं पॅनेल बदललं. त्यासाठी वीज बंद झाली, परत आली, मशीनं घरघरली, हिरवे दिवे लागले. सगळं आलबेल दिसलं. दोघं चहा घेत होते, तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या होत्या. एरवी त्या फोनवर काम भागवत.

“नवलबाई, शोध चालत नाहीये,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “एक रंगारी परांचीवरून पडलाय. रक्त फार गेलंय, आणि त्याचा गट इतका दुर्मिळ की आमच्या कपाटात एकच पिशवी होती. ती लावली. दुसरी हवीय, लवकर.”

अशा वेळी रक्तपेढीतून एक बटण दाबलं की सर्व्हर जोडलेल्या साऱ्या रुग्णालयांना एकदम विचारी, ‘तुमच्याकडे आहे का?’ आज प्रत्येक रुग्णालयाच्या नावापुढे एकच ओळ उमटत होती: हे नाव सापडत नाही.

“फोन लावतोय आम्ही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण लावणार तरी कुणाकुणाला?”

“तुम्ही फोन चालू ठेवा. आम्ही हात चालवतो.”

शेजारच्या मोठ्या रुग्णालयाच्या सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता नवलबाईंना तोंडपाठ होता. त्यांनी आधी त्याला हाक दिली. उत्तर चटकन आलं. मग त्याच सर्व्हरला नावाने हाक मारली. चिडीचूप.

“म्हणजे रस्ता ठीक आहे,” लंबू म्हणाला. “फक्त नाव सांगून पत्ता मिळत नाहीये.”

“आणि बाकीच्यांचे आकडे काही मला पाठ नाहीत. ते बदलतही राहतात. आपला सर्व्हर नावं कुणाला विचारतो ते बघू.”

सर्व्हरला नावांचे पत्ते स्वतःला ठाऊक नसतात. ते सांगायला कोपऱ्यात एक लहानसं, धूळ खाल्लेलं मशीन होतं. सर्व्हरने विचारायचं आणि त्याने बाहेर चौकशी करून सांगायचं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये त्याचाच पत्ता होता, अगदी बरोबर. लंबूने वाटेतला पहारा तपासला, कुठलीही चौकशी अडवली जात नव्हती. मशीन जिवंत होतं, विचारलं तर उत्तरही देत होतं. पण उत्तर एकच: जमत नाही.

नवलबाई त्या मशीनपुढे बसल्या आणि त्यांनी चौकशी स्वतः, पायरीपायरीने करायची ठरवलं. हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, हाताने कधी केलं नव्हतं. त्यांनी नावांच्या उतरंडीत सगळ्यांत वर असलेल्या मशीनला शेजारच्या रुग्णालयाचा पत्ता विचारला. ते म्हणालं, मला ठाऊक नाही, पण नावाच्या शेवटच्या अक्षरांचा कारभार बघणारे अमुक आहेत, त्यांना विचार. त्यांनी खालच्याकडे बोट दाखवलं. त्याने आणखी खालच्याकडे. आणि तिथे त्या रुग्णालयाचा पत्ता होता, ठसठशीत. डोळ्याचं पातं लवायच्या आत एक प्रश्न कुठल्या कुठे जाऊन परत आला होता.

नवलबाईंचे हात कीबोर्डवरच थबकले.

“लंबू, हे बघितलंस? यातल्या कुणालाच सगळं माहीत नाही. प्रत्येकाला एवढंच माहीत, की पुढे कुणाला विचारायचं. आणि तेवढ्यावर जगाचं चाललंय!”

“नवलबाई,” लंबू कळवळून म्हणाला, “नवल नंतर करा. रंगारी वर आहे.”

“हो रे बाबा, हो.” त्यांनी डोळे पुसले आणि पुढे सरसावल्या. “उत्तर या मशीनपर्यंत येतंय. मग हे आपल्या सर्व्हरला ते सांगत का नाही?”

“पडताळणीत नापास होत असेल. उत्तरावर सही असते ना, खरेपणाची. ती याला पटत नसणार. पडताळणीच बंद करून टाकू.”

“उद्या कोणी खोट्या नावाने उत्तर घुसवलं तर? इथे रक्ताची देवघेव होते. तो अगदी शेवटचा उपाय. आधी ते काय पुटपुटतंय ते वाचू.”

मशीनच्या नोंदी त्यांनी पडद्यावर आणल्या. प्रत्येक नावापुढे तेच रडगाणं होतं: सही अजून लागू झालेली नाही.

“अजून?” नवलबाई पुटपुटल्या. “अजून म्हणजे काय?”

त्यांनी मशीनला आजची तारीख विचारली. मशीन कित्येक वर्षं मागे होतं. त्याच्या लेखी हे रुग्णालय बांधायलाही घेतलेलं नव्हतं.

सकाळी वीज गेली तेव्हा आतलं घड्याळ चालू ठेवणारा गोल सेल संपलेला होता. घड्याळ पार मागे जाऊन पडलं. मशीन उठलं ते जुन्या काळात, आणि आलेल्या प्रत्येक सहीवरची तारीख त्याला भविष्यातली वाटू लागली.

“पण हे तर बाहेरून वेळ विचारून घड्याळ लावून घेतं!” लंबू म्हणाला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “अरे देवा. वेळ सांगणाऱ्यालाही ते नावानेच हाक मारतं.”

“तेच तर. वेळ कळायला नाव सापडायला हवं, आणि नावावर विश्वास ठेवायला वेळ कळायला हवी. बिचारं मधल्यामध्ये अडकलंय. तरी बघ, एवढ्या विचारणा झाल्या, पण जे पटलं नाही ते त्याने खरं म्हणून सांगितलं नाही.”

त्यांनी वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता घालून मशीनचं घड्याळ लावलं. वर्षं झपकन पुढे सरकली. त्यांनी शेजारच्या रुग्णालयाला पुन्हा नावाने हाक दिली.

ओ आली.

वर शोधाचं बटण पुन्हा दाबलं गेलं. दोघं खालच्या पडद्यावर बघत होते. एकेका नावापुढची तक्रार पुसली जाऊन ‘नाही’ येऊ लागलं. मोठं रुग्णालय, नाही. कॉलेजचं रुग्णालय, नाही. नवलबाईंनी स्वेटरची बाही मुठीत घट्ट धरली. ‘नाही’ची रांग खाली सरकत राहिली आणि एकाएकी मध्येच उमटलं: आहे.

ते घाटापलीकडचं एक छोटंसं रुग्णालय होतं. तिथे फोन करायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी फोन लावला तेव्हा तिथली परिचारिका म्हणाली, “हो, आहे. पाठवू का लगेच?” जणू शेजारणीने वाटीभर साखर मागितली होती.

दुपार कलायच्या आत गाडी आली. चालक बर्फाची पेटी दोन्ही हातांनी सांभाळत आत गेला. नवलबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. लंबूने त्यांना खुर्ची आणून दिली, ती त्यांनी बघितलीही नाही.

रंगारी वाचला. काही दिवसांनी नवलबाई वॉर्डात त्याला लांबूनच बघायला गेल्या. त्याची बायको उशाशी बसली होती. तिने विचारलं, “तुम्ही कोण, डॉक्टर का?”

“नाही हो. मी खाली मशीनं बघते.”

“मग यांना ओळखता?”

“नाही,” नवलबाई म्हणाल्या. “नुसतं बघायला आले.”

रंगाऱ्याला वाटलं, बाई वाट चुकल्या असाव्यात. त्याने प्लॅस्टरमधला हात जमेल तेवढा उचलून दाराकडे खूण केली आणि म्हणाला, “ताई, जिना डावीकडे आहे.” त्याच्या बोटांची नखं गुलाबी दिसत होती. नवलबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.