डबीला फोन दिसेना

काळ्या डबीवर मी फोन पुन्हा ठेवला आणि डबी पुन्हा मुकीच राहिली. भिंतीपलीकडे माझ्या लेकीचं रक्त थांबत नव्हतं. एक नर्स झाकलेलं भांडं घेऊन माझ्यासमोरून गेली. झाकणाखाली काय आहे ते मी विचारलं नाही. वासावरून कळतं.

"मावशी, हलवू नका. सपाट ठेवा," काउंटरवरची बाई म्हणाली.

"सपाटच ठिवलाय. तुमच्या डबीतच खोट हाय."

"सकाळपासून चालतीय हो ती."

"सकाळी माझी लेक पण चालत होती."

ती बाई डबीची वायर ओढून बघायला लागली. तिच्यावर राग काढून उपयोग नव्हता, पण दुसरं कोणी समोर नव्हतं.

ही लेक माझं शेंडेफळ. पुण्यात नोकरी करते, नवराही तिथंच. तिचं रक्त वेगळं आहे. साध्या तपासणीत ते ओ दिसतं, पण ओ नसतं. त्याला बॉम्बे गट म्हणतात. हजारो माणसांत एखाद्याचं तसं असतं आणि त्याला तसल्याच माणसाचं रक्त चालतं, दुसऱ्या कुणाचं नाही. दुसरं दिलं तर अंगातलं रक्त त्याला मारायला उठतं आणि त्यात माणूस जातो. पुण्याच्या डॉक्टरांना हे कळलं तेव्हाच त्यांनी सांगितलं होतं की बाळंतपण पुण्यातच करा. ठरलंही तसंच होतं. आमच्या गावी ती आठव्या महिन्यात फक्त ओटी भरायला आली होती. आमचं गाव पोखर्णीच्या पुढं. विहीणबाई पूर्णेहून आल्या होत्या. ओटीतले तांदूळ अजून तिच्या पदरातच होते आणि ती खाली बसली, ती उठेना.

जीपमधून परभणीला आणलं. दुपारी मुलगी झाली. एवढीशी, मांजराच्या पिलासारखी रडली. तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. आम्ही अजून हात जोडत होतो तोवर आत धावपळ सुरू झाली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हातमोजे काढलेले नव्हते.

"आजी, ओ पॉझिटिव्हच्या बाटल्या आहेत माझ्याकडे. एकही जुळत नाही. असं का व्हावं?"

"तिचं ओ न्हाई. बॉम्बे म्हणतेत ते हाय."

त्या जागच्या जागी थांबल्या. "रिपोर्ट कुठाय?"

"फोनात."

त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. ते रक्त तपासायचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. अशा रक्ताची माणसं मोठ्या रक्तपेढीला माहीत असतात, पण तोंडी सांगण्यावर पेढी कुणाला बोलावत नाही. आधीच माणसं थोडी, आणि एकदा रक्त दिलं की काही महिने त्या माणसाला पुन्हा देता येत नाही. पक्का रिपोर्ट इथल्या कॉम्प्युटरवरून तिकडे गेला, तरच ते हलतात.

"आन न्हाई गेला तर?"

"तर मी ओ दिलं तरी ती जाईल आणि नाही दिलं तरी जाईल."

एवढं बोलून त्या आत गेल्या. खोटा धीर दिला नाही, म्हणून मी त्या बाईला मानते.

कागदाची फाईल पुण्यात होती, कपाटात. चार दिवसांसाठी जायचं, फाईल कशाला, सगळं फोनात आहे, असं लेक म्हणाली होती. कळा सुरू झाल्याचं कळल्याबरोबर जावई पुण्याहून गाडीत बसला होता. म्हणजे कपाट उघडायला घरी कोणी नव्हतं. पुण्याच्या दवाखान्यात फोन लावला, तर ते शोधून कळवतो म्हणाले. विहीणबाई त्याला फोन लावत होत्या आणि फोनमधली बाई तो संपर्काच्या बाहेर असल्याचं सांगत होती.

हे फोनातलं प्रकरण लेकीनं मला घरी दाखवलं होतं. मी चौथी शिकलेली. मला वाटलं कागदाचा फोटो असेल. ती म्हणाली, "आई, ह्यो कागद डोळ्याला दिसत न्हाई. कुणी चोरू नये म्हणून तसं केलंय. दवाखान्यात टेबलावर डबी असती. तिच्यावर फोन टेकवला की ती आपली आपण वाचून घेती, बोटभर अंतरावरनं. वायर लागत न्हाई."

"आन न्हाई वाचलं तर?"

"वाचतंय गं. तू बी ना."

ती डबी आता माझ्यासमोर होती. बिस्किटाच्या पुड्याएवढी, कॉम्प्युटरला वायरनं बांधलेली. विहीणबाईंना सुनेच्या फोनचं कुलूप उघडता येत होतं, त्यांनी उघडून दिला होता. पडद्यावर लेकीचं नाव होतं आणि 'फोन रीडरवर ठेवा' असं लिहिलेलं होतं. ते मला वाचता आलं. वाचून उपयोग काय? ठेवलाच होता.

काउंटरवरच्या बाईनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तो चालू होईपर्यंत काहीच करता येत नव्हतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले. मला रडू येत नाही. येत नाही म्हणून लोक मला दगड म्हणतात. त्या वेळी मी कॅलेंडरावरच्या तारखा एकेक करून मोजत होते.

कॉम्प्युटर चालू झाला. फोन ठेवला. काही नाही.

मागं एक माणूस म्हाताऱ्या बापाला घेऊन उभा होता. बाईनं त्याचा फोन मागितला, "बघू द्या मशीन चालतंय का." त्यानं फोन टेकवला आणि डबी टिंग करून वाजली. बापाचं नाव, वय, गोळ्या, सगळं पडद्यावर आलं. मी त्या माणसाकडे असं बघितलं की जणू त्यानं माझ्या ताटातली भाकर उचलली. तो बिचारा ओशाळून मागं सरकला.

म्हणजे डबी धड होती. खोट आमच्या फोनात होती.

बाईनं लेकीचा फोन हातात घेतला, उलटा केला, बोटानं दाबून बघितला. "हा एवढा जड कसा? कव्हरात काय आहे?"

"काई न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. "देव हाय."

आतमध्ये टाक होता. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला नरसिंह. विहीणबाईंनी पूर्णेच्या सोनाराकडून करवून घेतला होता, पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळात नेऊन देवाच्या पायाला लावला होता. सुनेनं गळ्यात घालायला नको म्हटलं, ऑफिसात सगळे विचारतात म्हणून. मग विहीणबाईंनी डोकं चालवलं. पोरगी झोपतानासुद्धा फोन उशाला घेते, तर टाक फोनच्याच पाठीला बसवावा. पाचव्या महिन्यापासून तो तिथं होता. पुण्याच्या दवाखान्यात तिची सगळी माहिती आधीच होती, त्यामुळं त्यानंतर डबीवर फोन टेकवायची वेळच आली नव्हती.

"धातू मध्ये आला की डबीला फोन दिसत नाही," बाई म्हणाली. "कव्हर काढा."

विहीणबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. "न्हाई काढायचा. बारशापस्तोर काढायचा न्हाई, मी बोलून ठिवलंय."

"इहीणबाई, इकडं द्या."

"पुण्यात चालत होतं की ह्येच. पुण्याच्या डबीला कसं दिसत होतं?"

"तवा टाक होता का आत?"

त्यांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी हिसका दिला. दोन म्हाताऱ्या दवाखान्याच्या काउंटरपुढं एका फोनसाठी झोंबत होत्या. लोक बघत होते. बघू देत.

"तुमाला देवाचं भ्यावच न्हाई," त्या म्हणाल्या. "पैल्यापासून न्हाई."

"हाय. माज्या गावच्या वाटंवरचा देव हाय त्यो, मला नका सांगू. पर त्यो आत रक्त द्यायला यायलाय का?"

"ह्याच्या आदी दोनदा गेलं तिचं. दोन्ही खेपंला मी होते उशाला. तुमी न्हवता. ह्या खेपंला टाक बसवला आन लेकरू जितं आलं. आता मधीच काढू आन त्या पेटीतल्या लेकराला काई झालं मंग?"

हे खरं होतं. दोन्ही वेळा मी नव्हते. एकदा पुराच्या पाण्यानं रस्ता बंद होता, एकदा मला कळवलंच उशिरा. ह्या बाईनं माझ्या लेकीची घाण काढली होती. ती वेडी नव्हती. तिला नातीची भीती होती आणि मला लेकीची, एवढाच फरक.

"लेकरू पेटीत पोचलं," मी म्हणाले. "देवाचं काम झालं. माय मेली तर त्या लेकराला दूध तुमी पाजणार का मी? आपल्या दोघींच्याबी छातीला आता काई ऱ्हायलं न्हाई."

मागचा म्हातारा बाप खाकरला. आतलं दार उघडलं. नर्सनं फक्त विचारलं, "गेला का रिपोर्ट?" आणि उत्तराची वाट न बघता दार लावलं.

विहीणबाई बाकावर बसल्या. फोन माझ्यापुढं धरला. "मला न्हाई काढवत. तुमी काढा."

कव्हर घट्ट होतं. त्यांनी ते वरून चिकटपट्टीनं गुंडाळलं होतं. माझी बोटं संधिवातानं वाकलेली, नखाला पट्टीचं टोक सापडेना. बाई कात्री शोधायला खाली वाकली. मी थांबले नाही. फोन तोंडाशी नेला आणि पट्टी दातानं तोडली. कव्हर निघालं. टाक खाली पडला, लोकांच्या चपलांमध्ये. विहीणबाईंच्या तोंडून हाय निघाली. त्या गुडघ्यावर बसल्या, टाक उचलला, पदरानं पुसला आणि कपाळाला लावला. मी तिकडं बघितलं नाही. उघडा फोन डबीवर ठेवला.

टिंग.

पडद्यावर लेकीचं नाव आलं. त्याखाली इंग्रजीत बरंच काही. बाईचे डोळे त्यावरून पळत होते, आणि मी तिचे डोळे वाचत होते.

"आलं," ती म्हणाली. "पाठवते."

मग सुरू झालं थांबणं. त्या आधी हातांना काम तरी होतं, आता तेही नव्हतं. आतून एकदा लेकीचा आवाज आला, नंतर तोही येईना. आवाज येत होता तेव्हा बरं होतं. मी मनात तिच्या मर्तिकाची तयारी करायला लागले होते. लाकडं कुठून, निरोप कुणाला, जावयाला स्टेशनवर कोण गाठेल. मन असलंच आहे माझं. आधी कामाकडे धावतं.

विहीणबाई टाक मुठीत धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दातानं देव काढलाव तुमी."

"दोनच ऱ्हायलेत फुडचे. त्येंचं बी सार्थक झालं."

त्या हसल्या नाहीत, पण सरकून माझ्याजवळ बसल्या.

रक्तपेढीनं बोलावलेले एक शिक्षक बोरीहून आले, मोटरसायकलवर. वर्ग सुरू असताना फोन आला होता म्हणे, बाहीवर खडू तसाच. आल्या आल्या म्हणाले, "जयभीम. रक्त द्यायला कुठं झोपायचं तेवढं दाखवा."

विहीणबाईंना सवय जाईना. "पाव्हणं कुणापैकी म्हणायचे?"

"मावशी, रक्त जुळलंय. अजून काय जुळवायचं?"

विहीणबाईंनी मान खाली घातली. ते आत रक्त देत असताना त्या उठल्या, कोपऱ्यावरून चहा आणला आणि तो त्यांच्या हातात देईपर्यंत ग्लास तळहातानं झाकून उभ्या राहिल्या.

त्या एका बाटलीवर डॉक्टरीणबाईंनी लेकीला टेबलावर घेतलं. दुसरी बाटली संध्याकाळी नांदेडहून आली. दोन्हींच्या मध्ये गर्भाची पिशवी काढून टाकली, कारण ती आकसत नव्हती. मला विचारलं, मी हो म्हटलं. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं. लेकीला आता दुसरं मूल होणार नाही.

जावई आला तेव्हा तोंड धुतलेल्या कापडासारखं पांढरं होतं. त्याला कुणी काय सांगावं हे ठरेना. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, कारण मला ते सरळ सांगता येतं.

"बायको हाय. पोरगी हाय. पिशवी गेली."

लेक आठवडाभर त्या दवाखान्यात होती, नात तिच्याहून जास्त. दोघीही जगल्या.