तीन फूट दोन इंचांवरचा आरसा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण विश्वास ठेवून नाही. हे आधीच सांगितलेलं बरं. बावीस वर्षं मी भंडाऱ्यात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. अंगात येणं, झाडावरचा दिवा, विहिरीतला आवाज — असं काही ना काही टेबलावर यायचंच. मी दोन प्रश्न विचारायचो. तुम्ही स्वतः पाहिलं का? तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? बहुतेक बातम्या पहिल्याच प्रश्नाला संपायच्या. खाली जे लिहितो आहे, त्यात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत... तरीही ती बातमी संपलेली नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहाएक वर्षं झाली होती. जिल्हा लहान झाला, बातम्या कमी झाल्या, पान मात्र तेवढंच राहिलं. त्यामुळे मोहाडीतल्या हौशी नाटकाच्या तालमीलाही जागा मिळायची. नाटक लिहिलं होतं धनराजने, आणि मुख्य भूमिकाही त्याचीच. हा तहसील कार्यालयातला कारकून, उंची सहा फूट. तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये चालायच्या. जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास मी तिथे गेलो. धनराजसाठी नव्हे, नेपथ्य पाहायला. नेपथ्य मेश्राम बाईंचं होतं.

मेश्राम बाई पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या भागात नाटकाला रंगवलेले पडदे असतात : राजवाड्याचा, जंगलाचा, रस्त्याचा, घराचा. घराचा पडदा एकच. पाटलाचं घर असो की मास्तरचं, तोच सुटतो. बाईंचं भांडण त्या पडद्याशी होतं. "त्या घरात कोणीच राहत नाही जी," असं त्या म्हणायच्या.

संहिता हातात आली की त्या संवाद बाजूला ठेवायच्या आणि वहीत प्रश्न लिहायच्या. हा माणूस चपला कुठे काढतो? पाणी कशाने पितो? घरात दुसरी खुर्ची आहे का, आणि असली तर तिच्यावर शेवटचं कोण बसलं? उत्तर संहितेत नसलं तर लेखकाला विचारायचं, त्यालाही माहीत नसलं तर त्याला घरी पाठवून विचार करायला लावायचं. वस्तू दुकानातून आणायची नाही. कोणाच्या तरी वापरातलीच हवी. एका नाटकात त्यांनी सरपंचाच्या बैठकीत सात खुर्च्या मांडल्या होत्या — सहा प्लॅस्टिकच्या आणि एक सागवानी. सरपंच अजून विंगेतच होता आणि प्रेक्षक हसायला लागले होते. त्यांची चार नाटकं मी तोवर पाहिली होती. खोली पाहून माणूस कळला नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

या वेळचं पात्र म्हणजे एक निवृत्त, तापट गृहस्थ. बायको वारलेली, एकटाच राहतो. संहितेत त्याच्याविषयी एवढंच होतं. बाईंनी त्याला लोखंडी पलंग दिला होता, त्यावर कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेलं ब्लँकेट. खुंटीला हातघड्याळ, चालू. एक ताट, एक पेला, दोन्ही उपडे. दाराशी चपला, बाहेर तोंड करून. माणूस आत यायच्या आधीच त्याचा दरारा जाणवत होता.

उजव्या भिंतीवर आरसा होता. स्टेजच्या जमिनीपासून तीन फूट दोन इंच. त्याच्या शेजारी पिवळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली फणी. आणि आरशाच्या वर, पाच फूट दोन इंचांवर, आणखी एक खिळा. रिकामा.

"बाई, या आरशात मले माहं पोट दिसते," धनराज म्हणाला. "दाढी काय पोटाची करू?"

"वाकून कर."

"पन काहून? वर खिळा तर ठोकून ठेवला ना तुम्ही!"

"खिळा आहे. त्यानं आरसा वर नेला नाही."

"कोनं?"

"ज्याचं घर आहे त्यानं."

"घर मी लिवलं बाई! माह्या माणसाच्या घरी लेकरू-बाळ नाही. एवढ्या खाली कोन पाहीन?"

 बाईंनी वही उघडून आम्हाला भिंतीचं पेन्सिलचं रेखाटन दाखवलं. बाकी सगळीकडे खोडलेल्या रेघा होत्या. दोन खिळे आणि त्यांची मापं मात्र एका झटक्यात काढलेली, न खोडलेली.

"सगळी खोली मी प्रश्न विचारून काढली," त्या म्हणाल्या. "या दोन खिळ्यांचं मी कोणालाच विचारलं नाही. हात ठेवला अन् काढून झाले होते."

धनराजने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत मापं लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या मजकुरात मी बाईंचं मनापासून कौतुक केलं. पण वार्ताहराची सवय... शेवटी एक वाक्य टाकलं : 'इतक्या अचूक खोलीत एकच चूक आहे. आरसा पहिलीतल्या मुलाच्या उंचीवर आहे, शेजारी पिवळ्या दोरीने फणी बांधलेली आहे आणि घरात मूल नाही.'

बुधवारी सकाळी बाईंचा फोन आला. "चूक छापली ना तुम्ही? आता येऊन नीट पाहा." दुपारी मी मोहाडीला गेलो. हॉलमध्ये त्या एकट्याच पलंगाचा गंज पॉलिश पेपरने घासत होत्या. मी खुलासा करू लागलो, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. वय चाळिशीच्या आत-बाहेर, हातात माझ्याच मजकुराचं कात्रण. नाव पुष्पा, भंडाऱ्याला सरकारी नोकरीत, असं तिने नंतर सांगितलं.  स्टेजच्या कडेला तिने चपला काढल्या आणि वर चढली.

आजवर कोणीही बाईंच्या सेटवर जाताना चपला काढल्या नव्हत्या.

पुष्पा आरशासमोर गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा बरोबर मधोमध आला. तिने फणी हातात घेतली, दोरी ताणून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही नाकाडोंगरीले आमच्या घरी केव्हा आल्या होत्या?"

"मी तुमसरच्या पलीकडं कधी गेलीच नाही बाई."

मग तिने सांगितलं. तिचे वडील मँगनीजच्या खाणीत हजेरी बाबू होते. उंच, अबोल, रागीट. ती पहिलीत असताना आई गेली. वेणी घालायला घरात कोणी नव्हतं. म्हणून वडिलांनी आरसा तिच्या उंचीवर उतरवला आणि फण्या हरवायची म्हणून फणी दोरीने बांधून टाकली. सोळा वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं. सांगायला घरी गेली, तेव्हा वडील दारातूनच म्हणाले, "इथं तुहं आता काही नाही." त्यानंतर ती गेली नाही. चार वर्षांपूर्वी ते वारले, तिला निरोप पोचला तो सगळं उरकल्यावर.

"मले दुसरं काही नाही पाहिजे," ती म्हणाली. "थे खरंच बोलले का रागात बोलले, एवढंच."

मग तिची नजर वरच्या खिळ्याकडे गेली. "पन हा नव्हता. आमच्या घरी एकच खिळा होता." ती उठून उभी राहिली. "मी गेल्यावरचा असन. म्हणजे आरसा वर नेला असन बाबानं. बरोबर आहे... कायले ठेवन खाली?"

"नाही नेला," मेश्राम बाई म्हणाल्या.

"तुम्हाले काय माहीत?"

बाईंनी हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. 

मी म्हणालो, जाऊन पाहू. पुष्पाने नाकाडोंगरीच्या घरी राहणाऱ्या भावाला फोन केला. तो बराच वेळ नुसता 'हव, हव' म्हणत होता. बाईंनी यायला नकार दिला. "मी आली तर तुम्हीच उद्या लिवान, म्हाताऱ्या बाईनं आधीच पाहून ठेवलं होतं म्हणून."

गुरुवारी सकाळी पुष्पा आणि मी तुमसरहून बसने नाकाडोंगरीला पोचलो. माझ्या खिशात मोजपट्टी होती. भाऊ अरुण अंगणातच उभा होता. सोळा वर्षांनी बहीण आली होती. "जाडी झाली तू," तो म्हणाला. "अन् तू टकला," ती म्हणाली. दोघंही जमिनीकडे पाहत हसले.

वडिलांची खोली आता धानाची पोती ठेवायला होती. उजव्या भिंतीला पोत्यांची थप्पी. अरुणने आणि मी वरची दोन पोती उतरवली, मग खालची एक. मागे आरसा होता, धुळीने आंधळा झालेला. खिळ्याला फणी होती. दोरीचा पिवळा रंग जवळजवळ पांढरा झाला होता. वर एक खिळा, रिकामा.

मी मोजलं. खालचा खिळा तीन फूट दोन इंच. वरचा पाच फूट दीड इंच. बाईंच्या रेखाटनापेक्षा अर्धा इंच कमी. तो अर्धा इंच मी मुद्दाम नोंदवतो आहे.

"हा वरचा कोनं ठोकला?" पुष्पाने विचारलं.

"मीच," अरुण म्हणाला. "तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी. बाबाची कंबर दुखे. म्हटलं, आता घरात कोन लहान आहे, आरसा वर घ्या. तर माह्यावरच खेकसले, 'माही कंबर आहे, तुले काय करायचं आहे?' खिळा तसाच राहिला. शेवटच्या दिवसापर्यंत वाकूनच दाढी केली त्यायनं."

"मग बाबानं निरोप काहून नाही धाडला मले?"

"थो निरोप धाडणारा माणूस होता का? तूच सांग."

पुष्पाने पदराने आरसा पुसला. खूप वेळ पुसला. आरसा तिने काढला नाही, मागितलाही नाही. उठताना भावाला फक्त म्हणाली, "इथं पोती नको ठेवत जाऊ." अरुण म्हणाला, "हव."

परतल्यावर मी माझं काम केलं. बाईंची सगळी नोकरी पवनी तालुक्यात झाली होती. धनराज नाकाडोंगरीला कधी गेला नव्हता, त्याचे तिथे कोणी नातेवाईक नाहीत. सेटवरचा आरसा मोहाडीच्या एका सलूनचा, फणी बाईंच्या घरची, दोरी शाळेतली. अरुण खिळ्याबद्दल कोणाजवळ बोलला नव्हता. बोलण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यानेच मला विचारलं. खाली लावलेला आरसा मी बाईंच्या प्रतिभेच्या खात्यावर टाकू शकतो. एवढी मोठी कलावंत तिथवर पोचू शकते, आणि ती खरोखर मोठी होती. पण रिकामा खिळा? तो फक्त दोघांना ठाऊक होता. त्यातला एक हयात नव्हता.

शुक्रवारी दुपारी नाट्यस्पर्धेत प्रयोग झाला. धनराज आत आला, आरशासमोर गेला आणि तक्रार न करता सहा फुटांतून वाकला. संहितेत तिथे एकही शब्द नव्हता. एका तापट माणसाची सगळी गोष्ट त्या वाकण्यात आली. दुसऱ्या रांगेत पुष्पा आणि अरुण शेजारी बसले होते. विंगेत मेश्राम बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. स्वतःच्या कामाकडे पाहावं तसं त्या पाहत नव्हत्या. कोणाच्या तरी घरात उभ्या असल्यासारख्या होत्या.

नेपथ्याचं बक्षीस दुसऱ्या नाटकाला गेलं. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं : 'आरशाची उंची चुकली आहे.'

वर्तमानपत्रात चूक झाली की त्याच पानावर दुरुस्ती द्यायची असते. मी चार शब्द लिहून डेस्कला पाठवले : 'आरसा बरोबर उंचीवर होता.' डेस्कवरून विचारणा आली — कशाच्या आधारे? रास्त प्रश्न होता. मीही हाच विचारला असता. उत्तर न देता आल्यामुळे दुरुस्ती छापली गेली नाही.

ती इथे देतो. मोहाडीच्या त्या खोलीत चूक नव्हती. आरसा बरोबर उंचीवर होता. कशाच्या आधारे, हे मला आजही सांगता येत नाही.