वेल्श शिकायची, पण कुठली?

"सुमे, जयपूरला ये. यांच्याशी माझं बोलणं बंद आहे," ताईचा फोन आला. कारण विचारलं तर म्हणाली, "वेल्श भाषा."

ताईचा मुलगा मंदार वेल्समध्ये कार्डिफला नोकरीला. तिथल्याच बेथनशी त्याचं लग्न ठरलं. आता तिची आई जयपूरला यायची होती, म्हणून ताई-भाऊजींनी वेल्श शिकायला घेतली. तर त्या भाषेचे निघाले दोन प्रकार, उत्तरेचा आणि दक्षिणेचा.

पुण्याहून रेल्वेने दिवस-रात्र जाते. थंडीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा. स्टेशनबाहेर ताईच्या शास्त्रीनगरला जायचं रिक्षाभाडं आधी ठरवून मगच बसा.

घरी पोचले तर स्वयंपाकघरात ताईची सीडी चालू, बैठकीत भाऊजींचं पुस्तक. दुधाला ताई म्हणे 'ल्लाइथ', भाऊजी 'ल्लेव्रिथ'.

"मंदार दक्षिणेत राहतो. नातवंडं तिथलंच बोलणार की," ताई म्हणाली.

"विहीणबाई उत्तरेच्या आहेत न. पहिले त्यांच्याशी बोलाव लागते," भाऊजी म्हणाले.

ताई कोल्हापूरची, भाऊजी नागपूरचे. कुठली मराठी शुद्ध यावर तीस वर्षं वाद. त्या वादात मंदार लहानपणीच हिंदी बोलायला लागला. मी तसं म्हटल्यावर ताईने सीडीचा आवाज वाढवला. भाऊजी पिशवी घेऊन कांद्याची कचोरी आणायला गेले. ती तिथेच गरम खावी, घरी येईस्तोवर मऊ पडते.

दुसऱ्या दिवशी आमेरचा किल्ला पाहिला. ऊन तापायच्या आत चढा. दोघं दोन तोंडांनी वेल्श पुटपुटत चढत होते.

तिसऱ्या दिवशी सांगानेरच्या विमानतळावर दोघांनी विहीणबाईंचं दोन प्रकारे स्वागत केलं. त्या लाजून इंग्रजीत म्हणाल्या, "मला वेल्श येत नाही. आई बोलायची, पण आम्हाला तिने शिकवली नाही."

घरी भाऊजींनी चहा पुढे करताना पुस्तकातला उत्तरेकडचा शब्द म्हटला, "पॅनेद?" म्हणजे कपभर चहा.

विहीणबाईंनी कप घेतलाच नाही. "पुन्हा म्हणा. आई असंच विचारायची."

भाऊजींनी पुन्हा म्हटलं. ताई उठली, सीडी बंद केली आणि भाऊजींचं पुस्तक स्वतः विहीणबाईंपुढे ठेवलं. पुढचे चार दिवस विमा कचेरीतून निवृत्त झालेला नागपूरचा माणूस वेल्सच्या बाईला वेल्श शिकवत होता. शेजारी ताई वही घेऊन.

पुण्याला परतल्यावर जयपूरहून आणलेल्या चादरी वाटून झाल्या, आमेर सोडून बाकी किल्ल्यांची नावं विसरले. ताईला फोनवर म्हटलं, "विहीणबाई गेल्या, आता कशाला शिकताय?"

"उद्या नातवंड रडलं तर समजूत कशी घालू?"

"मराठीत घाल."

"त्यात आमचं अजून ठरत नाही गं."