अर्धी प्रार्थना

भास्करराव प्रभूघरी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोपरीतल्या घरी रविवारच्या सभेची तयारी करत होतो. निरोप घेऊन आलेल्या त्यांच्या मेव्हण्याला मी खुळ्यासारखं विचारलं, "मग डोंबिवलीला किती वाजता निघणार ते?" त्या बिचाऱ्यानं निरोप पुन्हा सांगितला. या गोष्टीला महिना होत आला...

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी भास्कररावांची नि माझी जोडी लावली. ते रेल्वेत कारकून, मी शाळामास्तर. कळव्यापासून कल्याणपर्यंत विखुरलेल्या ख्रिस्ती घरांत जायचं, आजाऱ्यांना भेटायचं, प्रार्थनासभा घ्यायची. सुरुवातीला आमचं मुळीच जमत नसे. मला वेळेवर पोचायची घाई, त्यांना वाटेत भेटेल त्याची चौकशी करायची असे. पण कामाची वाटणी आपोआप होऊन गेली. बायबलमधल्या वचनावर मी बोलायचं. शेवटची प्रार्थनाही मी सुरू करायची आणि मी थांबलो की त्यांनी ती पुरी करायची. मी साऱ्या जगासाठी मागत असे. ते मात्र नावं घेऊन कुणाच्या खोकल्यासाठी, कुणाच्या सुटलेल्या नोकरीसाठी मागत. लोक माझं ऐकून घेत आणि त्यांची वाट बघत, हे मला कळत होतं.

एकदा मी तापानं पडलो. रविवारी दुपारी हे दारात हजर.

"अहो, कल्याणची माणसं खोळंबली असतील. तुम्ही तरी जा," मी चिडून म्हणालो.

"निरोप धाडलाय त्यांना." त्यांनी खुर्ची ओढली. "एकटा गेलो ना मास्तर, की मला माझंच बोलणं आवडायला लागतं. आजची सभा इथेच." आणि संध्याकाळपर्यंत माझ्या उशाशी बसून राहिले.

भास्करराव वारल्यावर मी सभांना जाणंच बंद केलं. पाळकसाहेब दुसरा जोडीदार देतो म्हणाले, मी नको म्हणालो. रविवारची दुपार खायला उठे, तरी बाहेर पडवेना. शेवटी काम सोडतोय हे तोंडानं सांगावं म्हणून गेल्या रविवारी डोंबिवलीला गेलो. सांगायचा धीर झाला नाही. वचनावर बोललो, प्रार्थना सुरू केली, नेहमीच्या जागी थांबलो... आणि पुढे कुणीच नव्हतं. कुणी डोळे उघडले नाहीत. मीही नाही.

मग भिंतीकडून सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या रूथबाईंचा म्हातारा आवाज आला. "प्रभू, आमचे मास्तर एकटे पडलेत रे. पहिलं त्यांना बघ." मागोमाग त्या एकेका घराचं नाव घेऊ लागल्या. आमेन मी सगळ्यांबरोबर म्हणालो.

परतताना पाळकसाहेबांच्या घरी गेलो आणि जोडीदार मागितला. कोण हवा, त्यांनी विचारलं. कुणीही चालेल, म्हणालो. खरं तर कुणीच चालणार नाही.