योग्यता: दहावी पास

मावशीची वसतिगृहातली नोकरी गेली ती माझ्या हातून. मुद्दाम नव्हे, पण कागदावरची ती ओळ मीच टाइप केली होती. गावी, हातोदला, आईबाबांना हे अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, तब्येतीमुळे मावशीनं काम सोडलं. तसं मावशीनंच त्यांना सांगितलं आहे.

बाबा हातोदच्या मंडीत हमाल. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बारावीनंतर इंदूरला शिकायचं तर राहायचं कुठं, यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "यात विचारायचं काय? दोन खोल्या आहेत, मी एकटी आहे. पाठवून द्या." काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जुनी इंदूर भागातल्या त्या दोन खोल्यांत माझं बी. कॉम. झालं. आतला पलंग तिनं मला दिला, कारण दिव्याचं बटण त्या बाजूला होतं. परीक्षेच्या दिवसांत ती स्वतःचं ताट वाढून घ्यायला विसरेल, पण माझा चहा विसरायची नाही.

ती एका खासगी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात सहायिका होती. सहायिका म्हणजे पडेल ते काम. सकाळी मोटर लावणं, खोल्या झाडून घेणं, आजारी मुलीला दवाखान्यात नेणं, उशिरा आलेलीला दारातच चार गोष्टी ऐकवणं. शिक्षण सहावीपर्यंत. अकरा वर्षं ती तिथं होती, ठेकेदाराच्या रजिस्टरवर.

माझा निकाल लागला त्या उन्हाळ्यात ती मला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेली. अधीक्षक सरांसमोर हात जोडून उभी राहिली. "सरजी, लड़की को टाइपिंग आती है. हिंदी-अंग्रेजी दोनों." सरांनी एक परिच्छेद टाइप करायला दिला. मला नोकरी लागली.

तेव्हापासून कॉलेजच्या सगळ्या सूचना मी टाइप करू लागले. मावशी वाचायची हळूहळू, ओळीवरून बोट फिरवत. पण फलकावर नवा कागद लागला की जाणाऱ्या-येणाऱ्या मुलींना थांबवायची. "देखो, हमारी बेटी ने लिखा है." सूचना फीची असो नाहीतर टाकी धुण्याची, तिला सारखीच.

दोन वर्षांनी कॉलेजनं ठेकेदार बंद केला. सहायिकांच्या चार जागा कॉलेजच्याच पगारपत्रकावर घ्यायचं ठरलं. पक्की नोकरी. आठवड्याची सुट्टी, भविष्य निधी, दवाखान्याचं कार्ड, आणि साठीपर्यंत 'उद्यापासून येऊ नको' असं कुणी म्हणणार नाही. जागा चार आणि ठेक्यावरच्या बायकाही चारच. मावशी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. तिनं त्या आठवड्यात शेजारणीला सांगून टाकलं होतं, "आता रविवारी मी पण घरी असेन हं, पापड-बिपड करायचे असले तर सांगा."

जाहिरात तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिपिकाच्या जागेची जुनी जाहिरात उघडली, पदाचं नाव बदललं, जागांची संख्या बदलली. 'योग्यता' या रकान्यात 'स्नातक', म्हणजे पदवीधर, होतं ते पुसलं. तिथं काय लिहायचं ते सरांनी सांगितलं नव्हतं, आणि सर मीटिंगमध्ये होते. रकाना कोरा सोडता आला असता. पण आमच्या शाळेतले सरजी प्रत्येक परीक्षेआधी बजावायचे, एकही खाना खाली छोड़ना मत, खाली खाना देखकर ही नंबर कट जाता है. माझ्या हाताला तेच वळण होतं. मी 'दहावी पास' लिहिलं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मला ते लिहिताना बरंही वाटलं होतं. शिक्षणानं माझं आयुष्य बदललं होतं. शिक्षणाची अट असली की झाडू मारण्याच्या कामालाही मान येतो, असं मला खरोखर वाटत होतं. मावशीचं काय, हा विचार आला नाही असं नाही. पण जुन्या बायकांना तसंच घेतील, जाहिरात नियमापुरती असते, असं मी धरून चालले. कुणाला विचारलं नाही. सरांनी सही केली, समितीनं मंजुरी दिली, जाहिरात पेपरात छापून आली आणि कागद फलकावर लागला.

ऑफिसच्या खिडकीतून फलक दिसतो. मावशी आली, नेहमीप्रमाणे दोन मुलींना हाक मारली आणि बोट फिरवत वाचू लागली. बोट एका जागी थांबलं. तिनं ते मागं नेलं, परत त्याच जागेपर्यंत आणलं. एक मुलगी म्हणाली, "मौसी, इसमें तो दसवीं लिखा है." मावशी हसली. "अरे, वो नए लोगों के लिए है. मैं तो यहाँ की पुरानी चीज हूँ, उस पंखे के जैसी."

घरी आल्यावर चप्पल काढता काढता तिनं मला विचारलं, "ते नव्यांसाठीच आहे ना बेटा?"

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे उभी राहिले. जुन्या बायकांनाही अर्ज करावा लागणार होता, अट सगळ्यांना सारखीच होती. बाकीच्या तिघी दहावी झालेल्या होत्या. "सर, ठेके वाली चारों में बस मौसी ही छठी तक पढ़ी हैं," मी म्हणाले.

"तो दसवीं लिखा किसने?"

"मैंने, सर. खाना खाली था."

सर रागावले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बेटा, पेपर में छप गया है. अब बदलेंगे तो सबसे पहले यही पूछेंगे कि टाइप करने वाली की मौसी कौन है. फिर उसकी तो जाएगी ही, तुम्हारी भी जाएगी."

माझी गेली तर गेली, असं मी म्हणू शकले असते. मी "जी सर" म्हणाले आणि बाहेर आले.

त्या संध्याकाळी मावशी पोळ्या लाटत असताना मी सगळं सांगितलं. ती ओळ मीच लिहिली हेही सांगितलं.

"कुणी लिहायला सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "सर काय म्हणाले?"

"माझीही जाईल म्हणाले."

"मग आता कुठं तोंड उघडू नको. एक गेली तेवढी पुरे." आणि जरा वेळानं, "हातोदला मी बघते काय सांगायचं ते."

तिच्या जागी जी बाई आली ती सव्वीस वर्षांची, पदरात लहान मुलगी. तिलाही गरज होतीच. तिचं नियुक्तिपत्र मीच टाइप केलं. मावशीनं तिला सहा दिवस काम शिकवलं. कुठल्या मुलीला फिट येते, कुठला नळ दोनदा पिळावा लागतो, आणि "बारह नंबर वाली की मम्मी का फोन आए तो बोलना नहा रही है. वो दिन भर नहाती है." दोघी हसत होत्या. मी ऑफिसातून ऐकत होते.

मग आम्ही रविवारी-रविवारी काम शोधायला निघू लागलो. शिक्षणाची अट नसलेली बरी कामं इंदुरात पुष्कळ आहेत, असं मला वाटायचं. अट नसते हे खरं, पण तिथं दुसरंच काहीतरी मागतात. शेव-चिवड्याच्या कारखान्यात पॅकिंगसाठी दहा तास उभं राहायचं होतं. सुपरवायझर म्हणाला, "अम्मा, जरा उठक-बैठक करके दिखाओ." माझ्यादेखत मावशीनं पदर खोचून दहा उठाबशा काढल्या. तो म्हणाला, "वाह! पर उमर ज्यादा है." शाळेच्या बसवर मुलं उतरवायला बाई हवी होती, तिथं हजेरी मोबाइलवर भरायची होती, आणि मावशीचं बोट संथ. स्नेहलतागंजमधल्या मेसच्या मालकानं तिची पोळी खाऊन बघितली. "भिया, मौसी के हाथ में तो जादू है," असं आपल्या भागीदाराला म्हणाला, आणि मग आम्हाला, "लेकिन इस स्पीड में तो लड़के भूखे मर जाएँगे."

परतताना मावशी म्हणाली, "लग्नासाठी दाखवायला नेलं होतं तेव्हा इतके प्रश्न नव्हते विचारले."

मी हसले नाही. मला हसायला हवं होतं, तिनं त्याचसाठी म्हटलं होतं.

चार महिन्यांनी काम मिळालं. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची देखभाल, त्यांच्याच घरी राहून. सुट्टी नाही, कागद नाही. मुलगा-सून भली माणसं आहेत, एवढंच. अट एकच होती, आजींना उचलून बसवता आलं पाहिजे. मावशी एक पिशवी घेऊन तिकडे राहायला गेली. जुनी इंदूरच्या दोन खोल्यांत आता मी एकटी राहते, आणि दर रविवारी डबा घेऊन तिला भेटायला जाते. अर्धा तास ती फाटकाशी येऊन बोलते.

यंदा कॉलेजात माळ्याची जागा निघाली. योग्यतेच्या रकान्यात मी 'झाडांच्या कामाचा अनुभव' असं लिहिलं आणि कागद सरांपुढे ठेवला. सरांनी पेनानं खोडून वर 'दहावी पास' लिहिलं. "पिछली बार वाला फॉर्मेट ही चलेगा. छँटनी आसान रहती है." मी या वेळी बोलले, की सर, माळ्याला दहावी कशाला. सर म्हणाले, तुम्हारा ही बनाया हुआ है.

त्या रविवारी फाटकापाशी मी मावशीला हे सांगितलं. म्हटलं, मला तिथं राहवत नाही, मी दुसरीकडे बघते. तिनं विचारलं, "अर्ज किती आले?"

"पुष्कळ. पण दहावी नसलेल्यांचे बाजूला काढायचे असतात. ते सरांकडे जात नाहीत."

"त्यांना कळवता?"

"नाही. तशी पद्धत नाही."

"अगं, वाट बघत बसतात माणसं," मावशी म्हणाली. "रोज वाटतं, आज फोन येईल. दुसरं काम आलं तरी घेत नाहीत." आतून आजींनी हाक मारली, तशी ती डबा घेऊन गेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी बाजूला काढलेला गठ्ठा घेतला आणि माझ्या फोनवरून एकेक नंबर लावायला सुरुवात केली. एकोणीस अर्ज होते. काहींनी उचलला नाही. एकानं शिवी दिली. एका वयस्क माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अच्छा किया मैडम, बता दिया. मैं गाँव जाने वाला था, रुका हुआ था." मग त्यानं विचारलं, अर्जात त्याची काही चूक झाली होती का.

मी म्हटलं, "नहीं. आपकी कोई गलती नहीं थी."